डॉसमधला फॉक्सप्रो विंडोज ११ वर चालवायचाय, कोणी केलंय का?

तालुक्याचा_हिशोबनीस
मंडळी मदत हवी आहे, थोडं लांबण लागेल. आमच्या गावातल्या पतसंस्थेत (नाव सांगत नाही, दोन संचालक इथे वाचतात) अजून फॉक्सप्रो २.६ (विंडोजच्या आधीच्या डॉसवरचा डेटाबेस प्रोग्राम) मधलं सॉफ्टवेअर चालतं. निळा स्क्रीन, पिवळी अक्षरं, एफ१० ला सेव्ह. ठेवी, कर्ज, पिग्मी, किर्द (रोजची नोंदवही), खतावणी, तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिल्लकांचा तक्ता) सगळं त्यातच. ज्या सरांनी लिहिलं ते कधीच गाव सोडून गेले, फोनही लागत नाही. तीन मशीन आहेत, एकावर डेटा आणि बाकीची दोन काउंटरला, लॅनवर. मुख्य मशीन ३२ बिट विंडोज ७ चं होतं, त्याचा मदरबोर्ड गेला. दुकानदाराने विंडोज ११ चं नवीन मशीन आणून ठेवलं, त्यावर फॉक्सप्रोवर क्लिक केलं की हे अ‍ॅप तुमच्या पीसीवर चालणार नाही असं म्हणतंय. डेटा सुखरूप आहे, हार्डडिस्क काढून घेतली. मुलगा म्हणतो डॉसबॉक्स टाका, तो त्यावर जुने गेम खेळतो. पण गेम वेगळा आणि लोकांच्या ठेवी वेगळ्या. कोणी रोजच्या कामाला वापरलंय का?

चहाबिस्किट
निळा स्क्रीन पिवळी अक्षरं, म्हणजे तुमच्याकडे डार्क मोड नव्वदच्या दशकापासून आहे की. उगाच नवीन घेताय.

जुनाखोड
हिशोबनीस, आधी हे का होतं ते समजून घ्या म्हणजे दुकानदार तुम्हाला फिरवणार नाही. ३२ बिट विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम नावाचा एक भाग असतो, तो डॉसचे प्रोग्राम चालवतो आणि त्यासाठी प्रोसेसरचा व्हर्च्युअल ८०८६ मोड वापरतो. प्रोसेसर ६४ बिट मोडमध्ये गेला की तो मोड मिळतच नाही, म्हणून ६४ बिट विंडोजमध्ये हा भाग दिलाच नाही. विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती होती, त्यात लेगसी कंपोनंट्समधून तो चालू करता यायचा. विंडोज ११ फक्त ६४ बिट. तेव्हा कंपॅटिबिलिटी मोडवर टिक करून काही होणार नाही, त्यात वेळ घालवू नका.

डॉसबॉक्सचं वेगळं आहे, तो अख्खा जुना प्रोसेसरच सॉफ्टवेअरने उभा करतो (यालाच इम्युलेशन म्हणतात), त्यामुळे खाली ६४ बिट असो की आणखी काही, त्याला फरक पडत नाही.

आता तीन प्रश्न. एक, तुमच्याकडे पीआरजी फाइली (प्रोग्रामचा वाचता-बदलता येणारा मूळ मजकूर) आहेत का नुसती ईएक्सई (तयार चालणारी फाइल) आहे? दोन, तिन्ही मशीनवरून एकाच वेळी एन्ट्री होते का? तीन, प्रिंटर कुठला? या तिन्हींच्या उत्तरावर सगळं आहे, फॉक्सप्रो सुरू होणं हा यातला सगळ्यात सोपा भाग.

एनजेचा_पाटील
राव २०२६ मध्ये फॉक्सप्रो?? लोकांचे पैसे आहेत त्यात. मायक्रोसॉफ्टने डॉसचा २.६ काढला १९९४ ला, त्यानंतरचा व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ आला २००४ ला, आणि २००७ ला जाहीर केलं की यापुढे नवीन आवृत्ती नाही. त्याचा सपोर्टसुद्धा जानेवारी २०१५ ला संपला. डीबीएफ (फॉक्सप्रोच्या डेटाच्या फाइली) उघडणं काहीच अवघड नाही, पायथनमध्ये दहा ओळी, डेटा पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये टाका, वर एक साधं वेब अ‍ॅप. इम्युलेशन म्हणजे दुखणं पुढे ढकलणं.

चहाबिस्किट
पाटील, दहा ओळी पायथनच्या, आणि पिग्मी एजंटचं कमिशन दर महिन्याला कसं काढतात त्या कितव्या ओळीत येतं?

सीए_बाय_चान्स
चहाबिस्किटने हसत हसत मुद्द्याचं बोललंय. मी अशा संस्थांचं ऑडिट करतो. डेटा हलवणं एका आठवड्याचं काम असतं, पण व्याजाचा हिशोब, मुदतपूर्व ठेव मोडली तर किती टक्के कापायचे, थकबाकीवर दंडव्याज कुठल्या तारखेपासून, हे सगळं त्या पीआरजीमध्ये गाडलेलं असतं आणि कुठेही लिहून ठेवलेलं नसतं. नवीन सॉफ्टवेअर घेतलं तरी निदान एक तिमाही दोन्हीकडे एन्ट्री करून तेरीज जुळवून बघावी लागते. म्हणजे जुनं चालतं ठेवावंच लागतं. पाटील म्हणतात ते चूक नाही, पण मार्चएंड तोंडावर असताना कोणी सॉफ्टवेअर बदलत नाही.

तालुक्याचा_हिशोबनीस
जुनाखोड काका, उत्तरं. पीआरजी आहेत, फॉक्सप्रो उघडून डू मेन केलं की चालतं. दोन्ही काउंटरवरून एकाच वेळी एन्ट्री होते, पिग्मीचे एजंट संध्याकाळी एकदम येतात तेव्हा तर होतेच. प्रिंटर एप्सन एलएक्स-३०० आणि पासबुकसाठी वेगळा. आणि हो, कालच मुलाने डॉसबॉक्स टाकून दाखवलं, फॉक्सप्रो उघडला!! सगळे मेनू दिसले. आता लगेच चालू करू का?

लिनक्सवाला_लक्ष्मण
थांबा थांबा, लगेच नको. साधा डॉसबॉक्स गेमसाठी बनवलाय, त्याचे कर्तेच ते सांगतात. त्यात फाइल शेअरिंग आणि रेकॉर्ड लॉकिंग नीट नाही. तुमच्या प्रोग्राममध्ये आरलॉक, एफलॉक (रेकॉर्डला किंवा फाइलला कुलूप लावायच्या आज्ञा) असणार. प्रोग्राम विचारतो हे रेकॉर्ड मला मिळेल का, आणि खालून खरं कुलूप न लागताच हो म्हणलं गेलं तर दोन्ही काउंटरवर एकच खातं उघडणार, दोघं वेगवेगळी शिल्लक लिहिणार, नंतर लिहिणारा जिंकणार. एररसुद्धा येणार नाही. इंडेक्स (रेकॉर्ड शोधायची अनुक्रमणिका) बिघडेल तेव्हा कुठे कळेल.

तुमच्या कामाला दोन पर्याय आहेत. व्हीडॉसप्लस, हा डॉसबॉक्समधून निघालेल्या व्हीडॉसचा पुढचा भाऊ, मुद्दाम ऑफिसच्या कामासाठी. आणि डॉसबॉक्स-एक्स. डॉसबॉक्स-एक्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये डॉसच्या विभागात शेअर ट्रू करा, आणि तिथेच फाइल अ‍ॅक्सेस ट्राइज नावाची ओळ आहे, तिथे ३ टाका. डीबेस फॉक्सप्रोसारख्या लॅनवरच्या प्रोग्रामसाठीच ती ओळ दिलीये, विंडोजवर फाइलला खरं लॉक लावायचा प्रयत्न तेवढ्या वेळा करते.

जुनाखोड
+१. आणि लक्ष्मण, ऑपलॉक्सचं पण सांग त्यांना, अर्धे लोक तिथे मरतात.

लिनक्सवाला_लक्ष्मण
हो काका, तिकडेच येत होतो. विंडोजची फाइल शेअरिंग वेग वाढवायला फाइलचा तुकडा काउंटरच्या मशीनवरच कॅश करून (तात्पुरता साठवून) ठेवते, हेच ऑपलॉक. एकच माणूस फाइल वापरत असेल तर चांगलं, पण डीबीएफला घातक. एका काउंटरने लिहिलेलं दुसऱ्याला जुनंच दिसतं. नवीन एसएमबीमध्ये (विंडोजची फाइल शेअर करायची पद्धत) हे पूर्ण बंद करता येत नाही, आणि जुनं एसएमबी १ विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून आपोआप येत नाही (आणि सुरक्षेसाठी चालू करूही नका). विंडोजवरच ठेवायचं असेल तर काउंटरच्या मशीनवर रजिस्ट्रीमध्ये डिरेक्टरी कॅश, फाइल इन्फो कॅश आणि फाइल नॉट फाउंड कॅश या तिन्हींचा लाइफटाइम शून्य करतात.

मी असतो तर डेटा एका जुन्या मशीनवर लिनक्स टाकून सांबावर (लिनक्सवरून विंडोजला फाइली शेअर करणारा प्रोग्राम) ठेवला असता. सांबामध्ये ऑपलॉक्स नो, लेव्हल२ ऑपलॉक्स नो, दोन ओळींत विषय संपतो. किंवा व्हीटो ऑपलॉक फाइल्समध्ये फक्त डीबीएफ, सीडीएक्स, एफपीटी (डेटा, इंडेक्स आणि मेमोच्या फाइली) घाला.

एनजेचा_पाटील
म्हणजे बघा, फॉक्सप्रो चालवायला डॉसबॉक्स, डॉसबॉक्ससाठी सांबा, सांबासाठी लिनक्स. आणि हे सगळं सांभाळणार कोण, पिग्मी एजंट?

लिनक्सवाला_लक्ष्मण
पोस्टग्रेस कोण सांभाळणार होतं? 😀

एकबोटी_टायपिस्ट
व्हर्च्युअलबॉक्समध्ये (मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणारा प्रोग्राम) जुनं विंडोज एक्सपी टाकून का नाही करत कोणी? आमच्या ऑफिसात तसंच आहे, मस्त चालतं.

जुनाखोड
एकट्यासाठी एकदम उत्तम. खरा एनटीव्हीडीएम मिळतो, फॉक्सप्रोला वाटतं आपण २००३ मध्येच आहोत. फक्त व्हर्च्युअलबॉक्सच्या शेअर्ड फोल्डरमध्ये डेटा ठेवू नका, त्याच्या लॉकिंगवर माझा भरवसा नाही, डेटा व्हर्च्युअल डिस्कमध्येच ठेवा आणि रोज बाहेर कॉपी काढा. एक्सपीला इंटरनेट द्यायचं नाही. आणि प्रोसेसर १०० टक्के जाईल, घाबरू नका, डॉसचे प्रोग्राम की दाबली का, की दाबली का असं रिकामे बसलेले असतानाही विचारत बसतात.

अजून दोन जुनी दुखणी लिहून ठेवतो. फॉक्सप्रोच्या काही जुन्या आवृत्त्या फार वेगवान प्रोसेसरवर सुरू होतानाच शून्याने भागाकार म्हणून पडतात, वेग मोजायच्या हिशोबात वेळ शून्य येतो म्हणून. इम्युलेटरमध्ये सायकल्स (वेगाची सेटिंग) मॅक्सवरून खाली आणल्या की चालतो, तिथे इम्युलेटर खऱ्या मशीनपेक्षा बरा. दुसरं, मोठ्या डिस्कवर जागा शिल्लक नाही असं म्हणणारे प्रोग्राम. मोकळी जागा २ जीबीच्या वर गेली की जुन्या प्रोग्रामला तो आकडा उणे दिसतो. डॉसबॉक्समध्ये फोल्डर माउंट करताना (ड्राइव्ह म्हणून जोडताना) फ्रीसाइझ ५०० दिलं की प्रोग्राम खूश.

ग्रंथकीटक
अवांतर आहे पण राहवत नाही. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात सीडीएस-आयसिस हे पुस्तकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर होतं, युनेस्कोने काढलेलं, फुकट वाटायचे, भारतात निस्सॅट या सरकारी योजनेमार्फत यायचं. डॉसवरचं, नंतर विनआयसिस आलं, ते १६ बिट, म्हणजे तेही नवीन विंडोजवर नाही. त्याची गंमत म्हणजे फॉक्सप्रोसारखं प्रत्येक फील्डची लांबी आधी ठरवायची भानगड नाही, एका पुस्तकाला चार लेखक असतील तर तेच फील्ड चार वेळा भरायचं. कार्ड कॅटलॉगच्या माणसाने विचार करून बनवल्यासारखं. आम्ही डॉसबॉक्समध्ये उघडून आयएसओ २७०९ (नोंदींची देवाणघेवाण करायचा साचा) मध्ये एक्सपोर्ट केलं, तिथून मार्क (ग्रंथालयांचा नोंदींचा साचा), तिथून कोहा (ग्रंथालयाचं नवं सॉफ्टवेअर). म्हणजे इम्युलेटरचं काम एकदाच, दार उघडायचं आणि सामान बाहेर काढायचं. रोजच्या वापराला नाही. हिशोबनीस यांनीही तसाच विचार करावा असं मला वाटतं.

चहाबिस्किट
आणि ते एक्सपोर्ट करताना मराठी पुस्तकांची नावं?

ग्रंथकीटक
रोमनमध्येच होती, केळकर पण इंग्रजी स्पेलिंगने आणि त्यातही तीन प्रकारचे केळकर. तो वेगळाच धागा होईल.

तालुक्याचा_हिशोबनीस
मराठीवरून आठवलं. आमच्या सभासद मास्टरमध्ये नाव इंग्रजीत आहे, पण शेजारी नाव२ म्हणून एक फील्ड आहे आणि त्यात नुसता कचरा दिसतो. टोप्या घातलेले ए, यू, ग्रीक अक्षरं असलं काहीतरी. जुन्या मशीनवरही असंच दिसायचं, आम्ही समजायचो की खराब झालंय. डॉसबॉक्समुळे नाही ना?

अनघा_प
हिशोबनीसदादा ते पुसू नका!!! ते खराब नाहीये, तुमच्या सभासदांची मराठी नावं आहेत ती. मी नव्वदच्या दशकात डेटा एन्ट्री करायचे, आमच्याकडे सी-डॅकचं जिस्ट कार्ड होतं, कॉम्प्युटरच्या आत स्लॉटमध्ये बसवायचं आणि मग डीबेस, फॉक्सप्रो कशातही मराठी दिसायचं, टाइपही करता यायचं, इनस्क्रिप्ट कीबोर्ड मी त्यावरच शिकले. प्रोग्रामला पत्ताच नसायचा, त्याला वाटायचं हे काहीतरी वरच्या १२८ मधले कॅरॅक्टर आहेत. कार्ड काढलं की तेच कॅरॅक्टर साध्या स्क्रीनवर असे टोप्या घालून दिसतात. तुमचं कार्ड कुठल्या तरी जुन्या मशीनबरोबर भंगारात गेलं असणार.

एक सांगा, नाव२ मध्ये रेघा, कोपरे, दुहेरी रेघा दिसतात का? म्हणजे आपण मेनूला चौकट काढायचो तसल्या?

तालुक्याचा_हिशोबनीस
नाही ताई, रेघा अजिबात नाहीत. टोप्या, ग्रीक, आणि एक दोन पैशाची चिन्हं.

अनघा_प
मग ते पीसी-इस्की असणार. इस्की म्हणजे भारतीय लिप्यांच्या अक्षरांना नंबर द्यायची पद्धत, तिचे दोन अवतार होते. सरळ इस्की, आयएस १३१९४, १९९१ चं, त्यात क १७९ नंबरला आणि काना २१८ ला, म्हणजे साध्या डॉस स्क्रीनवर का हे अक्षर एक उभी रेघ आणि एक कोपरा असं दिसतं. पण डॉसचे सगळे प्रोग्राम त्याच नंबरांनी चौकटी काढायचे, त्यामुळे मेनूची चौकट गेली की क क क क दिसणार. म्हणून पीसीसाठी १७६ ते २२३ हा चौकटींचा पट्टा मोकळा सोडून अक्षरं दुसरीकडे सरकवली. तुमच्यात रेघा नाहीत म्हणजे हेच.

सरळ इस्की असतं तर विंडोजमध्ये कोडपेज (नंबर आणि अक्षरांचा तक्ता) ५७००२ आहे, त्याने थेट युनिकोड झालं असतं. याला तक्ता लागेल. पण तुमच्याकडे शेजारीच इंग्रजी नाव आहे! पन्नास एक ओळखीचे सभासद घ्या, पाटील, शिंदे, गायकवाड, कांबळे, ज्ञानेश्वर, आणि कुठला नंबर कुठलं अक्षर ते मांडत जा. जोडाक्षरात मधे हलन्ताचा नंबर येतो तो एकदा सापडला की बाकी भराभर सुटतं.

एनजेचा_पाटील
हे भारी आहे. ताई दंडवत. हिशोबनीस, नाव२ ची फाइल नको, काही सुटी नावं-आडनावं आणि शेजारी त्यांचे नंबर टाका, तक्ता मी बनवून देतो पायथनमध्ये. सभासदांचा पूर्ण डेटा इथे टाकू नका फक्त.

एकबोटी_टायपिस्ट
वाखु (वाचनखूण) साठवली.

जुनाखोड
अनघाताई, छान आठवण काढलीत. त्यात एक धोका जोडतो. कोणी उत्साहाने हा डेटा व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये उघडेल. ते ३२ बिट आहे, विंडोज ११ वर चालतं, आणि जुने पीआरजी बरेचसे चालतातही, अ‍ॅट से गेट (स्क्रीनवर माहिती भरून घ्यायची आज्ञा) सकट. पण उघडताना ते कोडपेज विचारतं, आणि चुकीचं सांगितलं तर वरचे १२८ कॅरॅक्टर भाषांतर करून टाकतं. नाव२ ची वाट लागेल. त्या फील्डला नो सीपी ट्रान्स (भाषांतर करू नको अशी खूण) लावा. आणि टेबलची रचना तिथे बदलली की ते टेबल नवीन प्रकारचं होतं, डॉसचा २.६ त्याला ओळख देत नाही. जुन्या प्रकारात परत काढायला कॉपी टू करताना टाइप फॉक्स२एक्स द्यायचं. नेहमी प्रतीवर काम करा.

डॉटमॅट्रिक्स_दादा
प्रिंटिंगचं कोणीच बोलत नाही! माझं सोलापुरात हार्डवेअरचं दुकान आहे, रोज हेच. डॉसचा प्रोग्राम एलपीटी१ ला (प्रिंटरच्या पोर्टला) कच्चा मजकूर फेकतो, मधे सीएचआर १५ (१५ नंबरचा कोड) पाठवला की बारीक अक्षर, १८ पाठवला की परत मोठं, १२ ला पान बाहेर. डॉट मॅट्रिक्सला हे कळतं. आता मिळणाऱ्या स्वस्त लेझरला काहीच कळत नाही, तो विंडोजने चित्र काढून दिलं तरच छापतो.

डॉसबॉक्स-एक्समध्ये पॅरलल१ ला प्रिंटर दिलं तर तो स्वतः एप्सन असल्यासारखा वागतो आणि पान तयार करून विंडोजच्या प्रिंटरला देतो. तेरीज, ताळेबंद यांना हे चालेल, लेझरवर पण निघेल. पण पासबुकाला हे वापरू नका, ओळ अर्धा मिलिमीटर सरकते आणि चौथ्या एन्ट्रीपासून रेघेवर छापायला लागतं. पासबुकाला पॅरलल फाइल करा, म्हणजे प्रोग्रामने पाठवलेलं जसंच्या तसं एका फाइलमध्ये उतरतं, मग ती फाइल कॉपी स्लॅश बी ने शेअर केलेल्या प्रिंटरला ढकलायची. छोटी बॅच फाइल करून देतो मी लोकांना. प्रिंटर यूएसबीचा असला तरी चालतं, शेअर केलेला पाहिजे.

चहाबिस्किट
दादा, डॉट मॅट्रिक्सचा आवाज पण इम्युलेट होतो का? त्याशिवाय पतसंस्थेत काम चालू आहे असं वाटतच नाही.

डॉटमॅट्रिक्स_दादा
खरा प्रिंटर घ्या की, दुकानात आहे 😄

तालुक्याचा_हिशोबनीस
मंडळी, अपडेट. सगळ्यांचं ऐकून असं केलं. डेटा एका जुन्या मशीनवर, लिनक्स आणि सांबा, ऑपलॉक्स बंद, हे भाच्याने केलं लक्ष्मणभाऊंच्या ओळी वाचून. दोन्ही काउंटरवर डॉसबॉक्स-एक्स, शेअर चालू, ट्राइज ३. लॉकिंग तपासायला दोन्हीकडे एकच खातं उघडलं, दुसऱ्या काउंटरवर रेकॉर्ड इज इन यूज आलं, तेव्हा कॅशियर मॅडम म्हणाल्या हां आता आपलं वाटतंय. तेरीज लेझरवर, पासबुक दादांच्या पद्धतीने. आधी सगळ्या फाइली रीइंडेक्स केल्या. एक दिवसाच्या एन्ट्र्या कागदावरून पुन्हा टाकून किर्द जुळवली, जुळली.

सीए_बाय_चान्स
अभिनंदन. आता एक करून बघा. पाच वर्षांची मुदत ठेव टाका, मुदत संपायची तारीख हातानेच टाकायची असेल तर ३१ साल टाका. मग त्या ठेवीचा रिपोर्ट काढा.

तालुक्याचा_हिशोबनीस
हे काय!! व्याज उणे येतंय. मुदतीचे दिवस उणे पस्तीस हजारच्या आसपास.

चहाबिस्किट
म्हणजे ठेवीदाराने संस्थेला पैसे द्यायचे. संचालकांना सांगू नका, आवडेल त्यांना.

जुनाखोड
इम्युलेटरला दोष नाही, खऱ्या मशीनवरही हेच झालं असतं. डीबीएफमध्ये तारीख पूर्ण असते, वर्ष चार आकडी, आठ अक्षरांत. गडबड टाइप करताना. सेट सेंच्युरी (चार आकडी सालाची सेटिंग) ऑफ असेल तर २.६ दोन आकडी सालाला १९ लावतो. १९९९ ला सगळ्यांची धावपळ झाली तेव्हा स्क्रीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून लोकांनी एक छोटं फंक्शन टाकलं, साल १९३० च्या आत आलं तर गोमंथने (तारीख महिन्यांनी सरकवणारं फंक्शन) १२०० महिने पुढे ढकला. मीही कितीतरी ठिकाणी असंच दिलंय, तेव्हा ३० म्हणजे फार लांब वाटायचं. क्लिपर ही फॉक्सप्रोसारखीच दुसरी भाषा वापरणारे सेट इपॉक टू १९३० करायचे, तेच ते. २९ पर्यंत बरोबर, ३० टाकलं की थेट १९३०. पाच वर्षांच्या ठेवी २०२५ पासूनच यात सापडायला लागल्यात.

पीआरजीमध्ये गोमंथ शोधा, सापडेल.

तालुक्याचा_हिशोबनीस
सापडलं काका, तारीख.पीआरजी मध्ये, बरोबर १९३० च लिहिलंय. १९५० करून टाकू?

सीए_बाय_चान्स
थांबा! तेच फंक्शन सभासदाच्या जन्मतारखेलाही वापरलं असेल तर १९४५ चा जन्म २०४५ होईल, आणि ज्येष्ठ नागरिकाचं वाढीव व्याज बंद. मग आजोबा काठी घेऊन काउंटरवर.

जुनाखोड
बरोबर बोललात साहेब. दोन फंक्शन करा. ठेव आणि कर्जाच्या तारखांना वेगळं, तिथे १९९० धरलं तरी चालेल, त्याआधीची मुदत आता कोण टाकणार. जन्मतारखेला कुठलंच फंक्शन नको, तिथे सेट सेंच्युरी ऑन करून चार आकडी सालच घ्या, त्या एका स्क्रीनवर दोन घरं वाढवावी लागतील, शेजारचं फील्ड सरकवा. आणि २०२५ पासून टाकलेल्या ठेवींमध्ये मुदतीचं साल २००० च्या आतलं आहे का ते ब्राउज फॉर लावून बघून घ्या, काही आधीच चुकीच्या बसल्या असतील.

तालुक्याचा_हिशोबनीस
बघितलं. अकरा ठेवी निघाल्या, सगळ्या १९३० च्या. पावतीवर दोनच आकडे छापतो म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

एनजेचा_पाटील
पावतीवर पण चार आकडे करा आता. आणि तो नंबरांचा तक्ता पाठवा, जोडाक्षरं जास्त असलेली नावं घ्या.

अनघा_प
क्षीरसागर आणि श्रीकृष्ण नक्की घ्या. रफार पण बघा, कार्लेकर वगैरे, इस्कीत रफारासाठी आधी र, मग हलन्त, मग अक्षर असंच येतं.

डॉटमॅट्रिक्स_दादा
पावतीवर साल चार आकडी केलं तर पुढचा कॉलम दोन घरं सरकेल, छापील पावतीवर रक्कम चौकटीबाहेर जाईल. त्या ओळीपुरतं सीएचआर १५ लावा, नंतर १८ विसरू नका.